तीन बोटं काळे केस

"पुढे काय होतं?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. वर्गातल्या मुलांना विचारत ते ठीक, तो त्यांचा धंदाच होता. पण शिक्षकांच्या खोलीत मी डबा उघडून बसलो की ते त्यात वाकून बघत आणि म्हणत, "मास्तर, ही डाळ पोटात गेली. पुढे काय होतं?" मी म्हणे, पुढे झोप येते. त्यावर ते हसत नसत. माझा विनोद नीट ऐकून घेत, थोडा वेळ जाऊ देत आणि पुन्हा विचारत, "झोपेच्या आधी काय होतं?" अशा माणसाशेजारी बसून जेवणं सोपं नसतं, हे तुम्हालाही पटेल.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची ही गोष्ट. पनवेलच्या एका शाळेत ते सायन्स शिकवत आणि मी चित्रकला. मी त्यांना मास्तर म्हणे, तेही मला मास्तरच म्हणत, आणि कोणी नुसतं 'मास्तर' म्हणून हाक मारली की आम्ही दोघंही ओ देत असू. ठेंगणे, काळेसावळे, डोक्यावर दाट काळे कुरळे केस, कोटाच्या खिशात कायम खडूचा चुरा. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. गावात त्या लोकांची थोडी घरं होती, पिढ्यानपिढ्यांची, मराठी बोलणारी. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, म्हणून रविवारी येऊन प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसत. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक लांब टेबल आणि एक तराजू. पण त्या तराजूला ते असं झाकून ठेवत की बघणाऱ्याला वाटावं आत देव आहे.

एकदा त्यांनी माझ्याकडून एक मोठा तक्ता करून घेतला. वर डाळीची वाटी, खाली मण्यांची माळ. डाळ, दूध, मासे, अंडी या सगळ्यांत प्रोटीन असतं आणि प्रोटीन म्हणजे माळ, मणी म्हणजे ॲमिनो ॲसिड, असं त्यांनी मला समजावलं. पोट ती माळ तोडतं, मणी सुटे करतं. "पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पुन्हा ओवतात. "ओवतात, पण सगळे नाही. इथेच तर गंमत आहे. काही मणी शरीर घासून दुसऱ्याच कामाला लावतं. हा मणी बघा. आधी त्याचा हा दुसरा मणी होतो. मग त्या दुसऱ्यापासून केसांचा काळा रंग. त्याच्यापासूनच आपण घाबरलो की छाती धडधडवणारा रस. गळ्यातल्या ग्रंथीचा रसही त्यातूनच. एक मणी आणि इतकी कामं. काही फुकट जात नाही, मास्तर."

मी आठ दिवस खपून तो तक्ता रंगवला. पहिला मणी पिवळा, दुसरा नारिंगी, मध्ये ठसठशीत बाण. त्यांना बाण फार आवडला. मला मात्र वाटलं, बाण जरा जाडच झाला.

त्यांच्या मुलीचं नाव दिना. घरात सगळे काळेसावळे आणि ही पोर मात्र गोरीपान, केस मधाच्या रंगाचे, डोळे फिकट. आळीतल्या बायका म्हणत, मास्तरांकडे मडम जन्माला आली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, ते ऐकून दृष्ट काढत. मी चित्रकार, मला तर त्या केसांचं वेडच लागलं. दिना चार वर्षांची असताना मी तिला खिडकीशी बसवून जलरंगात तिचं चित्र केलं. खरं तर ती बसत नव्हती. सारखी पुढेमागे झुलत होती, तोंडाने एकच सूर काढत होती. मी झुलणं सोडून दिलं आणि केस धरले. चित्र सुरेख झालं होतं. त्यांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

चार वर्षांची होऊनही दिना बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. उशिरा बोलतात काही मुलं, असं जो तो सांगत होता. मीही सांगितलं.

मग त्या घरात उंदीर झाले. म्हणजे मास्तरांचं तसं मत झालं. घरात, विशेषतः दिनाच्या अंथरुणापाशी, उंदरांसारखा वास यायचा. त्यांनी पिंजरा आणला, त्यात खोबरं लावलं, बिळं शोधली, कोनाडे लिंपले. शेवटी माझ्याकडचं मांजर चार दिवस पाहुणं म्हणून नेलं. मांजर खाऊनपिऊन जाड होऊन परत आलं. उंदीर एकही सापडला नाही. आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यांची खूप चेष्टा केली. सायन्सवाल्यांच्या घरचे उंदीरसुद्धा शिकलेले, पिंजऱ्यात जात नाहीत, असं मीच म्हणालो होतो. ते वाक्य अजून मला टोचतं.

मुलगी मागे पडते आहे म्हटल्यावर त्यांनी जे केलं ते सायन्सच्या मास्तरानेच करावं. वर्गात ते घसा फोडून सांगत की शरीर बांधायचं तर प्रोटीन पाहिजे. घरी त्यांनी तेच सुरू केलं. दिनाला दोन वेळा दूध, रोज अंडं, डाळीचं घट्ट वरण, आठवड्यातून एकदा कलेजी. मासळीवाली मावशी खाडीकडच्या गावातून यायची, ती दिनासाठी निवडून बोंबील बाजूला ठेवायची. पोर खात नसे, तर मास्तर मांडीवर घेऊन तासन्‌तास भरवत. दिनाला फेफऱ्यासारखे झटके येऊ लागले. त्यांनी आणखी एक पेला दूध वाढवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, जरा शाळेत चला, एक रंग बघायचा आहे.

प्रयोगशाळेत टेबलावर काचेच्या नळीत थोडं पाणी होतं, निदान मला ते पाणी वाटलं. शेजारी पिवळट तपकिरी द्रावणाची बाटली. तिच्यावरची चिठ्ठी मी वाचली, फेरिक क्लोराइड. त्यांनी त्यातले चार थेंब नळीत सोडले.

"रंग तुम्ही सांगा," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

मी नळी उजेडाकडे धरली. म्हटलं, हिरवा. कोणता हिरवा, त्यांनी विचारलं. मला अशा प्रश्नांचा फार उत्साह. मी सांगितलं, पोपटी नाही, गडद आहे, पिंपळाच्या जून पानाचा, किंचित निळ्याकडे झुकलेला. आणि वर म्हणालो, "सुंदर रंग आहे, मास्तर."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने तो हिरवा विरत गेला. ते विरेपर्यंत बघत राहिले, मग नळी धुतली, तीनदा धुतली, आणि उपडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तक्त्याखाली उभे राहून माझ्या पिवळ्या मण्यापासून नारिंगी मण्याकडे जाणाऱ्या बाणावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा बाण तिच्या शरीरात नाही."

मेहुण्याने मुंबईहून परदेशी मासिकांचा गठ्ठा पाठवला होता. त्यात त्यांनी एक लेख वाचला होता. केस फिके, अंगाला उंदरांचा वास, बोलणं नाही, झटके, आणि लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं की हिरवा रंग. रविवारी नळीत होती ती दिनाची लघवी. पहिल्या मण्याचा दुसरा मणी करणारं जे काही असतं ते या मुलांना जन्मतःच नसतं. म्हणून काळा रंग पुरेसा बनत नाही. आणि पहिला मणी साठत जातो, मेंदूवर चढतो. डाळीतून येतो, अंड्यातून येतो, दुधाच्या प्रत्येक घोटातून येतो. औषध एकच. तो मणी तिला द्यायचाच नाही, आणि तेही जन्मल्या महिन्यापासून. दिनाला सहावं लागलं होतं.

"मी भरवलं तिला," ते म्हणाले. "नाक दाबून भरवलं."

मी तिच्या आजाराचं चित्र काढलं होतं, सुंदर म्हणून काढलं होतं, आणि त्यांनी ते भिंतीवर टांगलं होतं.

वहिनींनी त्यांना विचारलं, माझ्याकडून आलं का हे? त्या मास्तरांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मास्तर म्हणाले, अर्धं तुझ्याकडून, अर्धं माझ्याकडून, एकाचंच असतं तर काही झालं नसतं. हे त्यांनी मला पुढे सांगितलं तेव्हा असं सांगितलं, की जणू तेवढा एक हिशेब तरी बरोबर सुटला.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या घराचा स्वयंपाक बदलला. प्रयोगशाळेतला तराजू मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरी गेला. दिनाला साबुदाण्याची पेज, आरारूट, रताळं, केळं, दुधी, साखर, खोबरेल तेल. भात मोजून, अगदी चमचाभर. दूध, डाळ, अंडं, मासळी बंद. मी वहिनींना म्हटलं, फार जड जात असेल हे सगळं सांभाळणं. त्या सहज म्हणाल्या, "आमच्या घरात हे चालतं, ते चालत नाही, याची सवय जुनीच आहे. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. त्यात हे एक." आणि खरंच, दिनाचं ताट त्यांनी त्याच शिस्तीने वेगळं काढलं. तिची वाटी दुसऱ्या वाट्यांना लागूसुद्धा देत नसत.

आळीला मात्र हे बघवेना. गोरी गुटगुटीत पोर, तिला बाप पेज पाजतो. मासळीवाली मावशी दारात टोपली उतरवून मास्तरांशी भांडली. "मास्तर, पोरगी सुकली. दोन बोंबील तरी घाला तिच्या तोंडात. आमी काय इख देतो काय तिला?"

मास्तर उंबऱ्यात उभे होते. होय म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ते म्हणाले, "नाही गं मावशी. तुझे बोंबील चांगले आहेत."

तीनेक महिन्यांनी, पुन्हा एका रविवारी, ते मला घरी घेऊन गेले. दिना ओसरीवर बसली होती. झुलत नव्हती. मास्तरांनी तिच्या केसांत भांग पाडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. मुळाशी बोटभर केस काळे आले होते. फिके नव्हे, तपकिरी नव्हे, मास्तरांच्या डोक्यावर होते तसे काळे. मग त्यांनी हळूच हाक मारली, दिना. तिने मान वळवली. क्षणभरच, पण वळवली आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढे काय होतं, सांगा." आणि त्यांना पहिल्यांदाच उत्तराची घाई दिसली. मी म्हटलं, पुढे बोलेल. ते म्हणाले, "बाबा म्हणाली तरी चालेल. एकच शब्द. बाकी काही मागत नाही."

त्यांच्यात नवस फेडायला मलिदा करतात. पोहे, नारळ, साखर, त्यात पाच जातींची फळं, वर वेलचीचा वास, आणि मोठ्याने प्रार्थना. वहिनींनी तो केला. आळीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मास्तरांनी आधी तराजूवर चमचाभर मलिदा दिनासाठी तोलून काढला आणि मगच बाकीच्यांना वाढू दिलं. लोक हसले. मीही हसलो, पण तेव्हा आनंदाने. दिना एका जागी बसून चमचा धरून खात होती. तिला तसं खाताना कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

केस वाढत होते. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. पण दिनाची पावलं सुजायला लागली. कातडी सोलवटू लागली, पोट पुढे आलं, साधी सर्दी महिनाभर हलेना. मास्तरांना कारण माहीत होतं आणि ते मला त्यांनी तक्त्यावरच दाखवलं. एक मणी नको म्हणून सगळी माळच बंद केली होती. बाकीचे मणी कुठून येणार? परदेशात म्हणे अशी पावडर करतात, ज्यात तो एक मणी काढून टाकलेला असतो आणि बाकीचे सगळे असतात. त्यांनी मुंबईच्या औषधवाल्यांना पत्रं लिहिली, मोठ्या डॉक्टरांना लिहिली. कुणी लिहिलं, नाव ऐकलेलं नाही. कुणी लिहिलं, आणायला परवाना लागेल. कुणी काहीच लिहिलं नाही. पोस्टमन दिसला की ते वर्ग सोडून व्हरांड्यात येत. वर्ग गप्प बसून राही, इतकं मुलांनाही कळत होतं.

गावातले डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं शास्त्र खरं असेल. पण असंच चाललं तर पोर हातची जाईल. दूध सुरू करा."

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी होतो. वहिनींनी दूध गरम करून वाटीत ओतलं आणि वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा हात पुढे होईना. मास्तर म्हणाले, "दे इकडे. सुरुवात मीच केली होती." त्यांनी दिनाला मांडीवर घेतलं आणि चमच्याने दूध पाजलं. ती खळखळ न करता प्यायली. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. मी समोरच्या भिंतीवरचं माझं चित्र बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

सूज उतरली. गाल भरले. मासळीवाली मावशी खूश झाली. आणि दिना पुन्हा झुलू लागली. अंथरुणाला पुन्हा तो वास यायला लागला. मुळाशी केस पुन्हा मधाच्या रंगाचे उगवले.

त्यामुळे काय झालं, की तिच्या केसांत एक काळा पट्टा राहिला. वर फिके, खाली फिके, मध्ये तीन बोटं काळे. केस वाढतील तसा तो पट्टा खाली सरकत होता. आधी कानाशी, मग मानेशी. मास्तर वर्गात शिकवत, बाटल्या पुसत, पण डब्यात वाकून बघणं त्यांनी सोडलं. मी मुद्दाम डबा त्यांच्यापुढे सरकवत असे. ते "जेवा, मास्तर" एवढंच म्हणत. मला त्या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की तो नसला तर घास खाली उतरत नसे.

त्या वर्षांत त्यांच्यातली बरीच घरं इस्रायलला चालली होती. मास्तर नेहमी म्हणत, मी कशाला जातो, मला पनवेलची खाडी सोडून दुसरीकडे झोप लागत नाही. पण कुणी तरी त्यांना लिहिलं की तिकडे ती पावडर मिळते. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

एस.टी. स्टँडवर निरोप द्यायला आम्ही चारसहा जण गेलो होतो. वहिनींनी कोकमाची पुरचुंडी ट्रंकेत मावली नाही म्हणून पदराला बांधली होती. दिना ट्रंकेवर बसून झुलत होती. मास्तरांनी तिची वेणी हातात घेऊन मला दाखवली. काळा पट्टा अगदी टोकाला आला होता. "आता हिला शेंडे कापू देत नाही," वहिनींकडे बघत ते म्हणाले. "तेवढंच पुरावा म्हणून आहे."

मग त्यांनी कागदात गुंडाळलेलं चित्र माझ्या हातात दिलं. विमानात काच फुटेल, तुमच्याकडे राहू दे, म्हणाले. मला काही तरी बरं बोलायचं होतं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. म्हटलं, मास्तर, तिथे गेल्यावर पुढे काय होतं?

"ते मला कुणी सांगितलं तर फार बरं होईल," ते म्हणाले आणि एस.टी.त चढले.

दीडएक वर्षाने पत्र आलं. चारच ओळी. मास्तर एका कारखान्यात बाटल्या धुतात, म्हणजे काम जुनंच आहे. थंडी फार आहे. पावडर मिळते, चव वाईट आहे, पण ती पिते. आणि शेवटची ओळ: केसांचा रंग पाठवतो आहे, तुमच्याकडच्या चित्रात दुरुस्ती करा.

पाकिटात कागदाची छोटी घडी होती. तिच्यात केसांची बट होती, लांब, मुळापासून टोकापर्यंत काळी.

मी पत्र उलटून पाहिलं. पाकीट झटकून पाहिलं. ती बोलते का, याबद्दल कुठे काही नव्हतं. मी लगेच उत्तर लिहिलं आणि त्यात स्पष्ट विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तेही गेलं तसंच गेलं. मी त्यांना ओळखत होतो. एक शब्द जरी तिच्या तोंडून निघाला असता, तर त्यांनी तार केली असती.

जलरंगात फिक्यावर गडद चढवता येतं, उलट करता येत नाही. त्यामुळे दुरुस्ती अवघड नव्हती. बट उजेडात ठेवून मी काळा कालवला, त्यात थोडा निळा घातला आणि भांगापासून टोकापर्यंत सगळे केस रंगवले. चित्र अजून माझ्याकडे आहे. नवीन माणूस बघतो तर त्याला कळतही नाही की इथे आधी दुसरा रंग होता. ओठ मात्र मी चार वर्षांच्या दिनाचे काढले होते तसेच ठेवले, मिटलेले. त्यांच्याबद्दल पत्रात काही लिहिलं नव्हतं.